वही तिच्याकडे, तक्ता माझ्याकडे

“आधी माझे बघा.”

असं म्हणून ती दोन्ही हात पुढे करायची. तळवे वर, मग उलटे, बोटं फाकवलेली. नखं बारीक कापलेली. अंगठी नाही, घड्याळ नाही, बाह्या कोपराच्या वर. समोरच्याने ते नीट पाहिले की मग म्हणायची, “हं. आता तुमचे.”

तिच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. पुढेही टाळलं असतं. मी आता मुलाकडे असतो, कुवेतमध्येच, गोळ्या वेळेवर घेतो, संध्याकाळी बिल्डिंगखाली चार फेऱ्या मारतो. असं एक-एक वर्ष सरतं आणि न सांगितलेली गोष्ट आपोआप जुनी होते, असा माझा समज होता. गेल्या महिन्यात एका मराठी घरी पूजेचं जेवण होतं. कोरोनाच्या दिवसांचा विषय निघाला आणि एक गृहस्थ पुरी मोडत म्हणाले, “ती तुमच्या हॉस्पिटलमधली सिस्टर, तिनेच केसेस लपवल्या होत्या ना?” पंगतीत पाच-सहा जण माझ्याकडे बघत होते. मी “हं” म्हणालो आणि पानातला शिरा खाल्ला.

घरी आल्यावर तो शिरा पचला नाही. म्हणून हे लिहितो आहे.

तिचं नाव लिहीत नाही. ती असती तर तिला आवडलं नसतं. नावांबद्दल तिचं एक वेगळंच मत होतं. ते पुढे येईल.

मी त्या खासगी हॉस्पिटलात जनरल सर्व्हिसेसचा सुपरवायझर होतो. म्हणजे बसगाड्या, सफाई कामगार, अर्दियाच्या लॉन्ड्रीला जाणारे चादरींचे गठ्ठे, तुंबलेलं सिंक, बंद पडलेली लिफ्ट. डॉक्टरांखेरीज जे जे काही लागतं ते सगळं माझ्याकडे. ती आमच्याकडे इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर म्हणून आली तेव्हा पंचेचाळिशीची असेल. मूळची मिरजेकडची. नर्सिंग तिथेच केलेलं. मग इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावातल्या हॉस्पिटलात बारा-तेरा वर्षं. लग्न केलं नव्हतं. इंग्लंड सोडून लोक इकडे येत नाहीत, इकडून तिकडे जातात, म्हणून मी पहिल्याच दिवशी विचारलं, “इकडे कशा काय आलात?”

“ऊन नाही हो तिकडं, भाऊ,” ती म्हणाली. “वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशी पण ओलाच.”

इन्फेक्शन कंट्रोल या खात्याला आमच्याकडे कुणी मोजत नसे. त्या खात्याला खोलीसुद्धा नव्हती. माझ्या ऑफिसच्या शेजारी झाडू-फिनाईलची एक कोठी होती, ती तिने मागून घेतली. धुऊन काढली, एक टेबल टाकलं, खिडकीत मनी प्लँट ठेवला. आणि दुसऱ्या दिवसापासून वॉर्डांच्या दारात हात पुढे करून उभी राहायला लागली.

लोक हसायचे, हे सांगायला नको. सफाईवाले तिला आपसात ‘हातवाली मॅडम’ म्हणायचे. पण तुम्ही विचार करा, कुणी तुमचे हात तपासायला आलं तर राग येतो. कुणी आधी स्वतःचे हात तपासायला दिले तर रागवायचं कसं?

आमचे मोठे सर्जन हातात एक सोन्याचं, जाडजूड घड्याळ घालून राउंडला यायचे. त्यांना अडवायची हिंमत खुद्द मुदीरला, म्हणजे आमच्या मॅनेजरला, नव्हती. ही एका सकाळी त्यांच्यासमोर उभी राहिली, हात दाखवले, आणि मग ट्रॉलीवरची स्टीलची किडनी ट्रे पुढे धरली. आत गॉजचा एक स्वच्छ तुकडा अंथरलेला.   सर्जननी तिच्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, आणि घड्याळ काढून त्या गॉजवर ठेवलं. दुपारी तिने ते पुसून, कागदात गुंडाळून त्यांच्या टेबलावर नेऊन दिलं. नंतर नंतर तर ते कॉरिडॉरच्या टोकापासूनच हात वर करून यायचे, पोलिसांनी पकडल्यासारखे. “सिस्टर, क्लीन, क्लीन!”

ती हसायची, पण हात बघितल्याशिवाय सोडायची नाही.

आमच्या मुदीरच्या तोंडी एक वाक्य कायम असे: इन वेस्टर्न कंट्रीज. वेस्टर्न कंट्रीजमध्ये दारं आपोआप उघडतात, वेस्टर्न कंट्रीजमध्ये धूर सोडणारं यंत्र असतं, दहा मिनिटांत सगळे व्हायरस खलास. माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाटायचं की तिकडचं सगळं यश यंत्रात आहे आणि यंत्र विकत मिळतं. त्याने तसलं एक यंत्र मागवलंही. ते आलं तेव्हा सगळ्या खात्यांना बोलावून त्याने प्रात्यक्षिक केलं. धूर झाला, दोन फायर अलार्म वाजले, आणि तळमजल्यावरची माणसं पार्किंगमध्ये धावली.

गोंधळ निवळल्यावर त्याने तिला विचारलं, “सिस्टर, यू वर इन इंग्लंड. धिस इज हाऊ दे डू, नो?”

तिने त्याला इंग्रजीत काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. माझ्या ऑफिसात आल्यावर ती खुर्चीत बसून म्हणाली, “तिकडं धूर नंतर, भाऊ. तिकडं आधी आजारी माणूस घरी बसतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे तेवढंच. उलटी झाली, ताप आला, की फोन करायचा आणि घरी बसायचं. थांबल्यावर आणखी अठ्ठेचाळीस तास घरी. पगार चालू. कुणी विचारत नाही की नाटक करतोय का. एवढं जमलं की निम्मा व्हायरस दारातच राहतो. बाकी मग हात, मास्क, खिडक्या, लस.” मग म्हणाली, “तिकडं पण सगळीकडं जमतं असं नाही. फार मोठेपणा नको द्यायला. पण जिथं जमतं तिथं असं जमतं.”

हे ती पुस्तकातून शिकली नव्हती, हे तिने पुढे एकदा तिच्या कोठीत बसून सांगितलं. इंग्लंडात गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिला उलट्या सुरू झाल्या. नवी नोकरी, परका देश, परत पाठवतील ही भीती. तिने कुणाला सांगितलं नाही, गोळी घेतली आणि म्हाताऱ्यांच्या वॉर्डात ड्यूटी केली. चार दिवसांत तो वॉर्ड आजारी. एक आजी त्यात गेली. तिला रोज सकाळी ‘माय लव्ह’ म्हणणारी आजी.

“मग?” मी विचारलं.

“मग वॉर्ड सिस्टरने सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, हे कुठून आलं आणि कधी आलं. कोणामुळं आलं हे विचारलंच नाही. मी उठून उभी राहिले आणि सांगितलं, माझ्यामुळं. ती म्हणाली, बस खाली. कोण ते नको. तुला सांगायची भीती का वाटली ते सांग.” ती मनी प्लँटची पिवळी पडलेली पानं खुडत होती. “तेव्हापासनं मी कोण ते विचारत नाही, भाऊ. कुठं आणि कधी, बास.”

‘कोण ते नको. कुठं आणि कधी ते सांगा.’ हात दाखवण्यानंतरचं तिचं हे दुसरं पालुपद. तुम्ही तिच्याबरोबर एक महिना काम केलं असतंत तर तुमच्याही तोंडात बसलं असतं.

आता बसचं सांगतो, कारण सगळं त्या बसपाशी येऊन अडकतं.

आमचे सफाई कामगार कंत्राटाचे. राहायचे खैतानमध्ये, एकेका खोलीत आठ-दहा जण. पहाटे साडेपाचला आमची बस त्यांना उचलायची. कोरोनाच्या दोन-तीन वर्षं आधी हॉस्पिटलात उलट्यांची साथ आली होती, तेव्हा हिने एक दिवस त्या बसमधून प्रवास केला. सगळ्यांबरोबर, खैतानपासून. हॉस्पिटलात उतरल्यावर थेट माझ्याकडे.

“भाऊ, बसमध्ये प्रत्येकाची जागा ठरवून द्या. रोज तीच सीट. नंबर रंगवून घ्या.”

“कशाला?”

“एकाला झालं तर पुढची रांग, मागची रांग आणि शेजारचा, एवढेच बघायचे. नाहीतर सगळी बस घरी बसवायला लागेल. आणि सगळी बस घरी बसवायला कुणी देणार नाही, म्हणजे मग कुणालाच बसवणार नाहीत.”

मी नंबर रंगवून घेतले. माणसं कुरकुरली, खिडकीसाठी भांडणं झाली. ती मिटवली हुसेनभाईने. हा दाभोळकडचा, पन्नाशीचा, आधी मच्छीमार, मग इकडे सफाईला. त्याला अकरा नंबर मिळाला होता, खिडकी नव्हती. तो मोठ्याने म्हणाला, “अरे, आमच्या होडीत पण जागा ठरलेल्या असतात. कोणी कुठंही बसला तर होडी कलते. बसा गपचूप.” बसमध्ये निम्म्यांना मराठी कळत नव्हतं, पण त्याचा आवाज कळला.

मग तिने वही काढली. लाल पुठ्ठ्याची साधी वही. ज्याला ताप, खोकला, उलटी असेल त्याने बसमधून उतरताना तिच्या कोठीत यायचं आणि फक्त सीट नंबर सांगायचा. ती लिहायची: सीट चार, काल दुपारपासून, घसा. सीट एकोणीस, उलटी, दोन वेळा. नाव नाही. कुठल्या सीटवर कोण बसतं याचा तक्ता माझ्या कपाटात, कुलपात. ती रोज सकाळी मला नंबरांची चिठ्ठी द्यायची, मी तक्ता बघून त्या माणसांना परत पाठवायचो आणि हजेरीत रजा लावायचो. पगारी रजा. हे सगळं नियमाप्रमाणे होतं, हे मुद्दाम लिहितो. परदेशी तपासणीसाठी हॉस्पिटलने जे जाडजूड मॅन्युअल केलं होतं, त्यात तिने एक पान घातलं होतं: आजाराची पगारी रजा आणि नाव गुप्त ठेवणं. त्या मॅन्युअलवर मुदीरची सही होती. सही करताना त्याने ते पान वाचलं नसावं. एवढंच.

“वही माझ्याकडं, तक्ता तुमच्याकडं,” ती म्हणाली होती. “दोन्ही एका टेबलावर कधी यायचे नाहीत. नाव आणि ताप एका कागदावर आले, भाऊ, की माणूस ताप लपवतो.”

“आणि मीच कुणाला दिला तर?” मी गमतीने म्हणालो.

तिने दोन्ही हात पुढे केले. “आधी माझे बघा,” म्हणाली आणि हसली. मी माझे दाखवले. हा असा आमचा करार.

आणि ते चाललं. खरंच चाललं. सुरुवातीला दिवसाला एखादा यायचा, भीत भीत. मग दोन-तीन यायला लागले. हुसेनभाई तर इतरांना दंडाला धरून आणायचा. “मॅडम, हा बारा नंबर खोकत होता आणि म्हणतो, बाहेरच्या धुळीनं. धूळ काय याच्या एकट्याच्याच नाकात जाते?” बारा नंबर म्हणजे श्रीनू, कडप्प्याचा, लाजाळू, बायकोचा फोटो आयडी कार्डाच्या मागे ठेवणारा. तो हसत हसत दोन दिवस घरी जायचा. त्या साथीत आमच्या वॉर्डांत फारसं काही पसरलं नाही. मुदीरने त्याचं श्रेय धुराच्या यंत्राला दिलं. तिला सांगितलं तर म्हणाली, “देऊ दे की. यंत्राला तरी कोण चांगलं म्हणणार.”

मग कोरोना आला.

ते दिवस तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. कर्फ्यू, बंद रस्ते, दाराशी कपाळावर रोखलेला थर्मामीटर. मी तेव्हा साठी ओलांडली होती. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नूतनीकरणाला आला होता आणि त्या कागदावर मुदीरची सही बाकी होती. मुलगा तेव्हा अजून इथे नव्हता. मिसेसचं डायलिसिस आमच्याच हॉस्पिटलात चालू होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगतो.

एका सकाळी मुदीरने मला बोलावलं. त्याच्या टेबलावर लाल वही होती. सिस्टर राउंडला गेली असताना कुणालातरी पाठवून त्याने कोठीतून आणवली होती.

“धिस नंबर्स,” तो म्हणाला. “हू आर दे?”

“सर, ते फक्त सिस्टरच्या कामासाठी...”

“सिस्टर इज नॉट द हॉस्पिटल.” त्याचाही चेहरा उतरलेला होता. रात्र-रात्र झोपला नसावा. त्याच्या वरचे लोक त्याला विचारत होते, तो मला विचारत होता. “कंपनीला सांगून ही माणसं बदलून घेतो. ताजी, हेल्दी. याल्ला, चल, दोन मिनिटांचं काम आहे. आणि हां, तुझा इकामाचा कागद माझ्यासमोर आहे.”

धमकी म्हणून म्हणाला की आठवण म्हणून, मला आजही सांगता येत नाही. त्याने आवाज चढवला नव्हता.

मी ऑफिसात गेलो, कपाट उघडलं, तक्ता काढला आणि त्याच्या टेबलावर वहीशेजारी ठेवला. दोन मिनिटं लागलीच नाहीत. तो नंबर वाचत गेला, मी नाव सांगत गेलो. अकरा, म्हणालो, हुसेन.

वही दुपारच्या आत तिच्या टेबलावर परत गेली. तक्ता माझ्या कपाटात. कुणी हलवलं होतं असं वाटू नये इतकं जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी खैतानच्या थांब्यावर कंपनीच्या माणसाने सात जणांना बसमध्ये चढू दिलं नाही. वहीत त्या आठवड्यात ज्यांचे नंबर होते तेच सात. त्यांची कंत्राटं बंद. हुसेनभाईचा तर ताप कधीच उतरला होता, तो कामावर परत येणार होता. तो बसच्या दाराशी उभा राहून आत बघत होता, असं ड्रायव्हरने सांगितलं.  अकरा नंबर रिकामी गेली.

त्या दिवसापासून वही कोरी राहिली.

हे तुम्ही नीट ध्यानात घ्या, कारण पुढे याच कोऱ्या पानांवरून तिला दोषी ठरवलं गेलं. ती रोज पहाटे कोठीत येऊन बसायची, तारीख लिहायची, आणि कुणी यायचं नाही. बसमधून चाळीस माणसं उतरायची आणि तिच्या दारासमोरून नजर खाली घालून निघून जायची. तिसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली, हात पुढे करून. “आधी माझे बघा,” एकेकाला म्हणत होती. माणसं थांबायची, बघायची, आपले हात दाखवायची, आणि कामाला लागायची.

आत येऊन मला म्हणाली, “भाऊ, यांच्यातल्या तिघा-चौघांनी सकाळी पनाडोल घेतलीय, ताप दबवायला. घाम बघा त्यांचा. दारातला थर्मामीटर काय कपाळ दाखवणार?”

मी रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत राहिलो.

“तक्ता आहे ना कपाटात?”

“आहे की,” मी म्हणालो. आणि तो होता.

श्रीनू त्या तिघा-चौघांतला एक. त्याने पाच दिवस पनाडोलवर काम काढलं, म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डात. सहाव्या दिवशी तो बादलीशेजारी बसला तो उठला नाही. आमच्याच आयसीयूत होता. त्या वॉर्डातले दोन पेशंट गेले. मग श्रीनूही गेला. त्याचं आयडी कार्ड माझ्याकडे जमा झालं. मागचा फोटो मी काढून ठेवला आणि कुठे पाठवायचा ते न कळल्याने बरेच दिवस ड्रॉवरमध्ये राहिला. शेवटी कंपनीकडे दिला. पुढे तो पोचला की नाही, माहीत नाही.

चौकशी झाली. सिस्टरने दहा दिवस एकही नोंद केली नाही. नोंदी होत्या त्याही नावांशिवाय. म्हणजे तिने माहिती दडवली. वरून बघणाऱ्याला ते तसंच दिसणार होतं. मला एका छापील कागदावर तीन प्रश्न होते. तिसरा प्रश्न असा, की आजारी कामगारांची नावं साथ पसरण्याआधी व्यवस्थापनाला कळली होती का.

मी लिहिलं, माहिती नाही.

मॅन्युअलचं ते पान, मुदीरच्या सहीचं, माझ्या फाइलीत होतं. तेही मी काढलं नाही. आठवड्याने माझा इकामा झाला. महिनाभराने तिला काढल्याचं पत्र मिळालं.

तिने कधी आवाज केला नाही. कोठी रिकामी केली, मनी प्लँट माझ्या टेबलावर आणून ठेवला. “पाणी कमी घाला, तुम्ही जास्त घालता,” एवढंच म्हणाली.

लोकांना परत न्यायला तेव्हा खास विमानं सुटत होती, त्यातल्या एकात तिला जागा मिळाली. टॅक्सी मिळत नव्हत्या. विमानतळावर हॉस्पिटलची बस न्यायची परवानगी मीच काढली. निदान तेवढं तरी करावं, असं काहीतरी मनात असेल. दुपारची वेळ, रस्ते मोकळे, ऊन डोळ्यात जाणारं. एवढ्या मोठ्या बसमध्ये ड्रायव्हर, ती आणि मी. ती चढली, एकदा सगळ्या सीटांवरून नजर फिरवली आणि अकरा नंबरवर बसली. मी तिच्या नियमाप्रमाणे दोन रांगा सोडून, पलीकडच्या बाजूला बसलो. दोघांच्या तोंडावर मास्क.

खैतानच्या कडेने बस जात होती तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “भाऊ, तक्ता कुठं होता? आणि कधी?”

कोण, हे विचारलं नाही.

मला कळायला हवं होतं. कळलंच होतं. वही आणि तक्ता, दोनच गोष्टी होत्या जगात, आणि दुसरी माझ्याकडे होती. तिला उत्तर आधीपासून ठाऊक होतं. ती मला उभं राहून सांगायची संधी देत होती, तिला त्या वॉर्ड सिस्टरने दिली होती तशी. मी म्हटलं असतं, माझ्यामुळं, तर ती म्हणाली असती, बसा खाली. भीती कशाची वाटली ते सांगा.

मी म्हणालो, “कपाटातच होता, सिस्टर. कायम.”

ड्रायव्हरने गिअर बदलला.

“बरं,” ती म्हणाली.

विमानतळाच्या दाराशी तिची बॅग मी उतरवली. ढकलगाडी आणून दिली. आत फक्त प्रवाशांना सोडत होते, त्यामुळे निरोप तिथेच, उन्हात. ती चार पावलं गेली आणि वळली. ढकलगाडी सोडून तिने दोन्ही हात पुढे केले. तळवे वर, मग उलटे.

“आधी माझे बघा.”

मी पाहिले. सॅनिटायझरने कातडी सोललेली, बोटांच्या पेरांवर भेगा. नखं बारीक कापलेली.

“हं. आता तुमचे.”

मी दाखवले. ती दुरूनच बघत होती, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग मान हलवून आत गेली. काचेचं दार, वेस्टर्न कंट्रीजमधल्यासारखं, आपोआप उघडलं आणि आपोआप मिटलं.

त्यानंतर मी तिला फोन केला नाही. हुसेनभाईचा नंबर शोधला, तो मिळाला नाही. माझी बायको दोन वर्षांनी गेली तेव्हा सिस्टरचा मिरजेहून निरोप आला, चार ओळींचा. शेवटी लिहिलं होतं, भाऊ, जेवत जा, आणि मनी प्लँटला पाणी कमी घाला. त्याला उत्तर म्हणून मी जे लिहायला घेतलं ते बरेच दिवस फोनमध्ये अर्धवट पडलं होतं. रोज उघडायचो, एखादा शब्द बदलायचो. ‘चूक’ लिहायचो, मग ‘अपराध’ लिहायचो, मग पुन्हा ‘चूक’. पाठवलं नाही. गेल्या वर्षी तिच्या भाचीने त्याच नंबरावरून सगळ्यांना कळवलं की मावशी गेली. झोपेतच गेली. फार त्रास झाला नाही.

कोण ते नको, असं ती म्हणायची. तिचं हे एकच ऐकायचं नाही असं मी ठरवलं आहे. पंगतीतल्या त्या गृहस्थांनी आणि ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं असेल त्यांनी वाचावं: केसेस तिने लपवल्या नाहीत. नावं मी दिली. म्हणून माणसांनी ताप लपवला. कुठे, तर मुदीरच्या टेबलावर. कधी, तर सकाळी, ती राउंडला गेली असताना.

आणि फोनमधलं ते वाक्य अजून तसंच आहे. ‘मला’च्या पुढे काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. ते असं आहे: सिस्टर, तक्ता कपाटात नव्हता. मला